मानता येईल

अपंग कल्याण खात्याच्या कचेरीत, खिडकी क्रमांक चारमधल्या बाईने माझा फॉर्म वाचता वाचता मध्येच हात पुढे करून काचेतला स्पीकर बंद केला. तोवर तिचा आवाज त्या जाळीतून खरखरत हॉलभर पसरत होता. कुणाचं वय किती, कुणाच्या कुठल्या अवयवाला काय झालंय, हे बाकांवरच्या सगळ्यांना ऐकू जात होतं आणि कुणालाच त्याचं काही वाटत नव्हतं. आता ती खाली वाकली. कागद सरकवायची फट व्हीलचेअरवरून बरोबर माझ्या नाकासमोर येते, पण तिला मात्र तिथवर तोंड आणायला टेबलावर जवळजवळ गाल टेकावा लागला. "माझं ऐकाल तर लग्न करू नका," ती हळूच म्हणाली. "माझ्या सख्ख्या बहिणीलाही मी हेच सांगितलं असतं." फटीतून मला तिचे ओठ आणि हनुवटी एवढंच दिसत होतं. हनुवटीला निळी शाई लागली होती. लग्नाआधी ‘वैवाहिक स्थितीत बदल’ नावाचा फॉर्म द्यायचा असतो एवढंच मला ठाऊक होतं, आणि तो मी आदल्या दिवशी एकही खाडाखोड न करता भरला होता. एकोणचाळिसाव्या वर्षी आपलं लग्न ठरलंय याचा मला थोडा तोरा चढला होता, हे कबूल करते. मी विचारलं, "का?" ती म्हणाली, "दोन गोष्टी होतील. नवऱ्याचा पगार तुमच्या उत्पन्नात धरतील, म्हणजे भत्ता गेला. आणि तुमच्याकडे खात्याची मदतनीस येते ना, सकाळी चार तास, संध्याकाळी दोन? तीही बंद. लग्न झालं की नवरा हाच काळजीवाहक, असा नियम आहे." "आणि लग्न न करता एकत्र राहिलो तर?" "तेही लग्नच धरतात. तपासायला माणसं येतात, दोरीवर कुणाकुणाचे कपडे वाळतायत ते बघतात." मग ती सरळ बसली, स्पीकर लावला आणि पुन्हा त्या खरखरत्या सरकारी आवाजात म्हणाली, "फॉर्म दाखल करायचा की परत न्यायचा?" मागे बाकांवर माणसं होती. सगळ्यांनी ऐकलं असणार. मी म्हणाले, "परत द्या."

परत येताना बसमध्ये, चाकांचे ब्रेक लावून, मी तो फॉर्म मांडीवर धरून बसले होते. वाईट वाटायला हवं होतं, पण वाटत होती ती शरम. कुणीतरी आपल्याला दुकानात न परवडणारी वस्तू हाताळताना पकडावं तशी. माझे पाय गेले तेव्हा मी बावीस वर्षांची होते. ताप आला, तिसऱ्या दिवशी मी पलंगावरून उठायला गेले आणि कमरेखालचं शरीर उठलंच नाही. पाठीच्या कण्यात सूज होती म्हणे. तेव्हापासून सतरा वर्षं मी खात्याच्या दफ्तरात आहे, आणि त्या दफ्तरात मी नेहमीच एक अखंड, पूर्ण भरलेली ओळ होते. अविवाहित. उत्पन्न मर्यादेच्या आत. घरात अन्य कमावतं कोणी नाही. माझं उत्पन्न म्हणजे औषधांच्या खोक्यात घडी घालून ठेवलेली ती माहितीपत्रकं असतात ना, कुणीच न वाचलेली, ती छापायला जाण्याआधी मी वाचते. मुंगीएवढी अक्षरं. किती गोळ्या, कुणी घेऊ नयेत, घेतल्यास काय होऊ शकतं. तिथे ‘होऊ शकते’च्या जागी ‘होते’ पडलं तर कुणीतरी घाबरून औषध सोडील, आणि एखादं टिंब घसरलं तर कुणी जिवानिशी जाईल. हे काम मला जमतं. मी चिकाटीची आहे, आणि मला कुठे उठून जायचं नसतं.

त्या टिंबामुळेच तर माझा होणारा नवरा भेटला. दोन वर्षांपूर्वी मी एका पत्रकात दशांश चिन्ह बघूनही बघितलं नव्हतं. छापखान्यातल्या माणसाने ते पकडलं म्हणून निभावलं. दुसऱ्या दिवशी मी चष्म्याच्या दुकानासमोर जाऊन उभी राहिले, म्हणजे बसून राहिले, कारण दुकानाला तीन पायऱ्या होत्या. आतून एक उंच, खांद्यात किंचित वाकलेला माणूस बाहेर आला. तो दुकानात काचा घासायचं काम करायचा, गिऱ्हाइकांशी बोलणं त्याचं कामच नव्हतं. त्याने माझ्याकडे पाहिलं, पायऱ्यांकडे पाहिलं, पण लोक म्हणतात तसं "चला, आम्ही उचलतो" असं म्हणाला नाही. आत जाऊन त्याने अक्षरांचा तक्ता आणला, दाराला टांगला, पावलं मोजत माझ्यापर्यंत आला आणि भर फुटपाथवर, येणाऱ्याजाणाऱ्यांना "जरा बाजूने" म्हणत, माझे डोळे तपासले. एकेक भिंग घालायचा आणि विचारायचा, "हे बरं की आधीचं?" मी चटकन उत्तर दिलं की म्हणायचा, "घाई नको. तुमचे डोळे आहेत." मला वाटतं, मी तिथेच कुठेतरी घसरले. पुढे तो चष्म्याच्या नाकपट्ट्या बसवायला घरी आला, मग दांडी ढिली झाली म्हणून आला, मग काही ढिलं न होताही येऊ लागला. लग्नाचंही त्याने असंच विचारलं. चष्म्याचा बारीक स्क्रू फिरवता फिरवता, मान वर न करता. "आपण लग्न करूया का," असं. मी म्हणाले, "हे बरं की आधीचं, ते मला ठरवू दे." तो हसेना. तो खरंच थांबून राहिला. मी हो म्हणाले.

त्या संध्याकाळी तो आला तेव्हा मी त्याला खिडकीतल्या बाईचं बोलणं सांगितलं. भत्त्याचं ऐकून तो म्हणाला, "भागवू." ते मलाही पटलं होतं. मी जास्त पत्रकं घेतली असती. मग मी मदतनीस बंद होण्याचं सांगितलं. त्याने जरासा विचार केला आणि म्हणाला, "मग मी करीन सगळं. मला जमेल." त्याच्या आवाजात काहीच खोट नव्हती. दुसरी कुणी असती तर तिने त्याचा हात हातात घेतला असता. मी माझे हात मांडीवरच ठेवले. मी म्हणाले, "तुला जमेल. तेच तर मला नकोय." त्याला ते समजलं नाही, आणि मला समजावता येईना. पुढच्या रविवारी मदतनीस मावशींची सुटी होती, तेव्हा तो मुद्दाम लवकर आला. मावशींनी त्याला आधीच सगळं दाखवून ठेवलं होतं. एक हात पाठीखाली, एक गुडघ्यांखाली, आधी कूस, मग खांदा. त्याने मला पलंगावरून खुर्चीत घेतलं, आणि इतकं नीट घेतलं की मावशींनाही तसं येत नाही. पण उचलताना मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होते. कपाळावर ती एक उभी रेघ आली होती, ती मला ओळखीची होती. काच घासताना, कडेला चरा जाऊ नये म्हणून श्वास रोखतो तेव्हा येते ती. त्या क्षणापुरती मी त्याच्या हातातलं काम झाले होते. खुर्चीत ठेवल्यावर तो म्हणाला, "बघ, जमलं." मी म्हणाले, "हो." आणि सबंध दिवस मला आई आठवत राहिली.

आई शाळेत शिवण शिकवायची. मी आडवी झाले आणि तिने नोकरी सोडली. पुढची नऊ वर्षं माझं सगळं तिने केलं. सगळं म्हणजे काय ते ज्यांनी केलंय किंवा करून घेतलंय त्यांनाच कळेल. दर दोन-तीन तासांनी कूस, नळी, पिशवी, पाठ पुसणं, टाचांना तेल, कुठे लाल झालंय का ते बघणं. ती कधी चुकली नाही. एकही जखम होऊ दिली नाही. डॉक्टर तिचं कौतुक करायचे, नातेवाईक मला म्हणायचे, "आई आहे म्हणून आहेस." खरंच होतं ते. पण एकदा सकाळी ती फोनवर माझ्या भावाशी बोलत होती, फोन खांदा आणि कानामध्ये धरून, आणि बोलता बोलताच माझं तोंड पुसत होती. ओला पंचा कपाळावरून, गालांवरून, कानामागून, पुन्हा कपाळावरून. कपाळ दोनदा पुसलं गेलं हे तिच्या ध्यानात आलं नाही. कट्ट्यावर पडलेलं भांडं माणूस असंच पुसतो, आणि त्यात त्याचा काही वाईटपणा नसतो. त्यानंतर मी स्वतःकडे लक्ष देऊ लागले, तर माझंही तेच. "वळव." "उचल." "पाणी." मी आठवून आठवून मोजलं, सबंध आठवड्यात मी तिला एकदाही ‘आई’ अशी हाक मारली नव्हती. ती मला कामापुरती लागत होती आणि मी तिला. आम्ही दोघी दिवसातून दहा वेळा एकमेकींच्या अंगाला अंग लावून असायचो आणि एकमेकींशी बोलायला विषय म्हणून नव्हता. ती शीचं विचारायची, "झाली का?" मी सांगायचे, "झाली." एवढंच आमचं संभाषण. दोघी एकमेकींवर चिडत नव्हतो, हे त्यातलं सगळ्यात वाईट. चिडायलासुद्धा समोर माणूस लागतो.

मग खात्याने तास मंजूर केले आणि मावशी आल्या. ठेंगण्या, भक्कम, घरात शिरताच बाह्या दुमडणाऱ्या. त्या पहिल्या दिवशी आई दारात उभी राहून बघत होती. हातांचं काय करावं हे तिला सुचेना. आधी पदराला पुसले, मग मागे घेतले, मग घडी घातली. मावशींनी मला आवरून खिडकीशी बसवलं, तेव्हा आई एक खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसली. मग माझ्या मांडीवरच्या पुस्तकाकडे बघून तिने विचारलं, "काय वाचतेयस गं?" नऊ वर्षांत तिने मला विचारलेला तो पहिला प्रश्न, ज्याचा माझ्या आतड्यांशी किंवा त्वचेशी संबंध नव्हता. मी पुस्तक मिटून तिला मुखपृष्ठ दाखवलं, आणि आम्ही दोघी त्या मुखपृष्ठाकडे बघत बसलो. पुढे ती भावाकडे राहायला गेली, तिथून दर बुधवारी दोन बस बदलून माझ्याकडे येते, माझ्या केसांना नावं ठेवते, मी तिच्या ऐकू न येण्याला नावं ठेवते. ती माझी आई आहे. त्या सहा तासांत खातं मला नुसती एक मदतनीस देत नव्हतं, मला आई देत होतं, आणि आता नवरा घेतला की ते तास परत करायचे होते.

मावशींनी चार दिवस काही विचारलं नाही. पाचव्या दिवशी माझे मोजे चढवताना म्हणाल्या, "ताई, कशाला त्या कागदांच्या नादी लागताय? साहेब येऊन राहू देत. सांगायचं कुणाला? मी काय सांगणार आहे थोडीच." मी ते त्याला सांगून पाहिलं. म्हणजे दाराची घंटा वाजली की त्याचे कपडे दोरीवरून काढायचे, चपला कपाटात टाकायच्या, त्याने मोरीत गप्प बसायचं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाला, "मला लाज वाटेल म्हणून नाही म्हणत. मला लक्षात राहणार नाही. मी चपला बाहेरच काढीन." त्यावर मला हसू आलं, आणि हसता हसता कळलं की मलाही ते जमणार नाही. दिवसभर मी दुसऱ्यांच्या ओळींतलं खोटं शोधून त्याखाली रेघ मारते. स्वतःच्या नावापुढे ‘अविवाहित’ हा शब्द चुकीचा छापलेला बघत मी जन्मभर कशी बसले असते?

म्हणून मी कागद मागवले. आधी खात्याचं परिपत्रक, ज्याच्या जोरावर खिडकीतली बाई बोलत होती. त्याच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलं होतं, कलम अमुकअन्वये. ते कलम कुणी बघितलेलं नसावं, कारण मूळ कायद्याची प्रत मिळवायला मला तीन आठवडे लागले आणि देणाऱ्याने तिच्यावरची धूळ झटकली. आमच्या कामात मूळ प्रत एकाने मोठ्याने वाचायची आणि दुसऱ्याने छापील मजकुरावर बोट ठेवून ऐकायचं, अशी पद्धत आहे. डोळ्यांना जे दिसत नाही ते कानाला खटकतं. मी मावशींच्या हातात परिपत्रक दिलं. त्यांना वाचायची सवय नाही, एकेक शब्द दगडासारखा उचलून ठेवत त्या वाचत होत्या, आणि तपासायला त्याहून चांगलं वाचन नाही. "विवाहित लाभार्थीच्या बाबतीत," मावशींनी वाचलं, "जोडीदारास काळजीवाहक मानण्यात येईल." माझं बोट कायद्यावर होतं. मी म्हणाले, "पुन्हा वाचा." त्यांना वाटलं चुकलंच. त्यांनी पुन्हा वाचलं, आणखी सावकाश. "मा-न-ण्या-त येईल." माझ्या बोटाखाली होतं, ‘लाभार्थीची गरज व इच्छा विचारात घेऊन जोडीदारास काळजीवाहक मानता येईल.’

काहीच नव्हतं, दीड अक्षराचा फरक. कुणीतरी नक्कल करताना एक तुकडा गाळला होता आणि एका क्रियापदाचा शेवट बदलला होता. मुद्दाम की हयगयीने, देव जाणे. पण ‘मानण्यात येईल’ म्हणजे दार बंद, आणि ‘मानता येईल’ म्हणजे आत कुणीतरी माणूस बसलाय आणि त्याला आधी विचारावं लागेल. माझी इच्छा. हा शब्द माझ्यासाठी कायद्यात लिहून ठेवलेला होता आणि इतकी वर्षं तो धूळ खात पडला होता. मी मावशींना समजावून सांगितलं. त्या परिपत्रक हातात धरून उभ्या होत्या. मग एकदम खुर्चीत बसल्या. माझ्यासमोर त्या कधी बसत नाहीत. म्हणाल्या, "माझ्या पोटाचं होतं ना ताई, म्हणून मी बोलत नव्हते. तुम्हाला वाटलं असतं, हिला आपलं काम जायची भीती."

मी खात्याला लिहिलं की लग्नाआधीच निर्णय द्या. उत्तर आलं, ‘विवाह झाल्याशिवाय अर्ज विचारात घेता येत नाही.’ म्हणजे आधी उडी मारा, खाली जाळं आहे की नाही ते मग बघू. भाऊ म्हणाला, थांब, वकील बघू. माझा होणारा नवरा म्हणाला, "तू म्हणशील तसं. थांबायचं तर थांबू, माझे डोळे अजून बरे आहेत." मी दोन दिवस विचार केला. खरं तर विचार केला नाही, नुसती बसून राहिले, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पत्रक वाचता वाचता माझ्या लक्षात आलं की मी मघापासून गुणगुणतेय. मी कधी गुणगुणत नाही. मी त्याला दुकानात फोन लावला आणि म्हणाले, "सोमवारी चालेल का?" विवाह नोंदणीचं ऑफिस, जिथे आम्ही नोटीस आधीच देऊन ठेवली होती, पहिल्या मजल्यावर होतं आणि लिफ्ट बंद होती. नोंदणी अधिकारी आपलं रजिस्टर घेऊन खाली जिन्याशी आले आणि आम्ही तिथेच, माणसांना वाट देत, सह्या केल्या. साक्षीदार आई, मावशी आणि चष्म्याच्या दुकानाचे मालक. त्याच दिवशी, त्याच पेनने, मी ‘वैवाहिक स्थितीत बदल’ भरला आणि पोस्टात टाकला. सोबत अपील जोडलं, दोन्ही वाक्यं एकाखाली एक लिहून, फरकाखाली रेघ.

तिसाव्या दिवशी तास बंद झाले. सुनावणीची तारीख एकेचाळिसावा दिवस. मधले अकरा दिवस मावशींना खात्याने दुसऱ्या घरी पाठवलं. तिथून सुटल्यावर त्या पाय ओढत आमच्याकडे येऊन आंघोळीपुरत्या हात लावायच्या, पैशाचं नाव काढलं की कानावर हात ठेवायच्या. बाकीचं त्याने केलं. सकाळी लवकर उठून, दुपारी दुकानातून धावत येऊन, संध्याकाळी पुन्हा. तो कधी चुकला नाही. कुठे लाल झालेलं नाही ना ते बघायला त्याने दुकानातून भिंग आणलं. नवव्या दिवशी त्याने घरात पाऊल टाकलं आणि विचारलं, "झाली का?" मी म्हणाले, "झाली." आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

सुनावणीच्या खोलीत लांब टेबलामागे तिघं होते. मधले अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश होते, पांढऱ्या भुवयांचे. कडेला खात्याचा अधिकारी, आपल्या फायलींची चळत घेऊन. मागच्या बाकावर तो, आई आणि मावशी. अधिकारी म्हणाला, नियम स्पष्ट आहे, पती धडधाकट आहेत, एकाच घरात राहतात, आणि एकीला सूट दिली तर उद्या सगळेच येतील. मी म्हणाले, "हा नियम तुमच्या परिपत्रकात आहे. कायद्यात नाही." आणि प्रत पुढे केली. अध्यक्षांनी ती वाचली. मग चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचली. मग दोन्ही वाक्यं मोठ्याने वाचली, एकामागून एक, आणि ‘मानता’ या शब्दावर थांबले. अधिकारी फाइल चाळू लागला. मी सतरा वर्षं त्या लोकांसमोर बसत आले होते, पण खालमानेने कागद चाळताना त्यांच्यातलं कुणी मला कधी दिसलं नव्हतं. हे शहाणपणाचं नसेल, पण मला अगदी मनापासून आनंद झाला.

अध्यक्ष मात्र कागद खाली ठेवून माझ्याकडे बघत होते. "शब्द तुमच्या बाजूने आहे," ते म्हणाले. "पण मानता येईल म्हणजे, मानायचं की नाही हे आम्ही ठरवायचं. तुमचे यजमान करायला तयार आहेत, उत्तम करतात असं तुम्हीच लिहिलंय. मग का मानू नये, ते सांगा." मी डॉक्टरांची पत्रं आणली होती, तक्ता आणला होता, किती वेळा कूस, किती मिनिटं. मी सुरुवात केली आणि दोन वाक्यांत अडकले. तक्ता खरा होता, पण तो माझं कारण नव्हता. मी म्हणाले, "ते तयार आहेत म्हणूनच." मागे बाक सरकल्याचा आवाज आला. आई उठली होती. तिला कमी ऐकू येतं त्यामुळे ती जरा मोठ्यानेच बोलते. "मी बोलू का साहेब? नऊ वर्षं हिचं मी केलं. काही कमी पडू दिलं नाही, विचारा तिला. पण त्या नऊ वर्षांत मला मुलगी नव्हती. मला एक शरीर होतं, आणि ते नीट ठेवायचं होतं. मावशी आल्या आणि मला माझी मुलगी परत मिळाली. आता तुम्ही म्हणताय, तेच ह्या मुलाने करायचं. तो करील. माझ्यापेक्षा चांगलं करील. पण मग हिला नवरा राहणार नाही, आणि त्याला बायको. लग्न कशासाठी करून दिलं मग आम्ही?" ती खाली बसली. हे सगळं तिलाही माहीत होतं. मला वाटत आलं होतं की ती जखम माझी एकटीची आहे, आणि मी ती तिच्यापासून लपवून ठेवलीय. मी मागे वळून बघू शकले नाही, कारण खुर्ची वळवायला जागा नव्हती. अध्यक्षांनी त्याला विचारलं, "तुम्हाला काही सांगायचंय?" तो उभा राहिला. मग म्हणाला, "ती माझ्याशी बोलेनाशी झालीय. अकरा दिवसांत." आणि बसला.

लेखी निकाल पंधरा दिवसांनी आला, पण आदेश त्याच दिवशी तोंडी दिला गेला. तास पूर्ववत, उद्यापासून. अधिकारी काहीतरी म्हणू लागला तेव्हा अध्यक्ष त्याला म्हणाले, "आणि ते परिपत्रक दुरुस्त करून सगळ्या शाखांना पाठवा. शब्द जसाच्या तसा. ह्या बाईंकडून तपासून घेतलंत तरी चालेल." हे ते गमतीने म्हणाले होते, पण लेखी आदेशातही खाली ओळ होती की सुधारित मजकूर सर्व प्रलंबित प्रकरणांना लागू राहील. किती जणी असतील, किती जण, जे खिडकीतून फॉर्म परत घेऊन गेले होते. बाहेर पॅसेजमध्ये मावशी रडत होत्या आणि आई त्यांना रागवत होती. भत्त्याचंही मी मागितलं होतं, ते अपील फेटाळलं गेलं. भत्ता गेलाच. मी आता महिन्याला दुप्पट पत्रकं वाचते, आणि संध्याकाळी डोळे चुरचुरतात.

मावशी दुसऱ्या दिवशी सकाळी बाह्या दुमडत आल्या. त्यानंतर आठवड्याभरात कधीतरी, दुपार कलताना, तो दुकानातून आला आणि त्याने आपली भिंगांची लाकडी पेटी खिडकीखालच्या टेबलावर ठेवली. ते माझं कामाचं टेबल आहे, उजेड तिथेच येतो. मी म्हणाले, तिथे नको. तो म्हणाला, मलाही उजेड लागतो. मी म्हणाले, घर माझं आहे. म्हणजे मी तसं म्हणाले, आणि म्हटल्यावर मला थांबता येईना. त्याच्या सावकाशपणावर बोलले, प्रत्येक प्रश्नाला तो घेतो त्या वेळावर बोलले. तोही बोलला, माझ्या टिंबांवर, माझ्या दुरुस्त्यांवर, मी त्याची वाक्यंही दुरुस्त करते यावर. त्याचा आवाज चढू शकतो हे मला तेव्हा कळलं. मग तो दार हळू लावून निघून गेला, आणि हळू लावलं याचाच मला जास्त राग आला. मी एकटी बसले होते. कान तापले होते. हळूहळू माझ्या ध्यानात आलं की त्या अकरा दिवसांत मी त्याला एकदाही उलट बोलले नव्हते. जेवण कसं आहे, तर छान. पाणी गार आहे, तर चालेल. ज्याच्या हातांत आपल्याला उचललं जायचंय त्याच्याशी कुणी भांडत नाही. आता थोड्या वेळाने मावशी येणार होत्या, मला आडवं करणार होत्या, आणि माझं कूस बदलणं त्याच्या रागालोभावर अवलंबून नव्हतं. मी हवी तितकी रागावू शकत होते. मी तो राग सगळा, शेवटच्या कणापर्यंत, मनसोक्त उपभोगला.

मावशी आल्या, माझा चेहरा बघून म्हणाल्या, "काय झालं?" मी म्हणाले, "भांडलो." "फार?" "बऱ्यापैकी." त्यांनी मान डोलावली, एखादं काम ठरल्याप्रमाणे पार पडल्यावर डोलवावी तशी, आणि पाणी तापवायला गेल्या. तो परतला तेव्हा उजेड अजून होता. दारात उभा राहून त्याने पेटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"हलवू का?" त्याने विचारलं.

"हलव."

तो विचारात पडला. पुष्कळ वेळ घेतला.

"नाही हलवत," तो म्हणाला, आणि खुर्ची ओढून माझ्यासमोर बसला. आम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.